वारा कोणासाठी चांगला? विंडसर्फिंगच्या जागांचा इतिहास

१/
१३ सप्टेंबर १७८६, पहाटेचे तीन. उत्तर इटलीतील गार्डा सरोवराच्या काठी, तोरबोले गावातून एक होडी दक्षिणेकडे निघाली. होडीत दोन नावाडी आणि एक जर्मन प्रवासी होता. हा प्रवासी म्हणजे पुढे ‘शाकुंतला’ची मुक्तकंठाने स्तुती करणारा महाकवी गटे. वारा पाठीशी होता. मात्र दिवस वर आला तसा वारा फिरला आणि समोरून वाहू लागला. वल्ह्यांनी त्याच्याशी झुंजणे व्यर्थ होते. नावाड्यांनी होडी वाटेतच माल्चेसिने गावाला लावली.

२/
अडकलेला कवी तिथल्या पडक्या किल्ल्याचे चित्र काढत बसला. गाव व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे, सीमा ऑस्ट्रियाच्या सम्राटाची. लोक जमले. हा सम्राटाचा हेर असून किल्ल्याचा नकाशा काढतो आहे, असा संशय त्यांनी घेतला आणि एकाने ते चित्र फाडून टाकले. गटेची सुटका झाली ती त्याच्या हजरजबाबीपणामुळे. हा सारा प्रसंग घडला तो एका वाऱ्यामुळे.

३/
त्या वाऱ्याला गावकरी ‘ओरा’ म्हणतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत सरोवरावर उत्तरेचा ‘पेलेर’ वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ उठतो. उन्हाने डोंगरउतार तापतात, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला मैदानातली हवा सरोवरावरून उत्तरेला धावते. सरोवराचे उत्तर टोक उंच कड्यांमध्ये चिंचोळे झाले आहे. तिथे या हवेचा वेग आणखी वाढतो. गटेची होडी पेलेरवर निघाली आणि ओराने अडवली.

४/
सुमारे दोनशे वर्षांनी त्याच तोरबोलेच्या काठावर युरोपभरातून तरुण येऊ लागले. ते दुपार होण्याची आणि ओरा उठण्याची वाट पाहत. ज्या वाऱ्याने कवीचा खोळंबा केला, त्याच्यासाठी हे लोक शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येत होते. म्हणजे ‘चांगला वारा’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. कोणत्या साधनासाठी, कोणत्या पाण्यावर आणि कोणाच्या हातात, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. विंडसर्फिंगचा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो.

५/
हे प्रश्न या खेळाहून जुने आहेत. ब्रिटिश आरमारातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट याने १८०५च्या सुमारास वाऱ्याची श्रेणी लिहून काढली. वेग मोजण्याचे सोयीचे यंत्र जहाजावर नव्हते. तेव्हा त्याने लवकरच वाऱ्याच्या श्रेणींना एक वेगळे माप जोडले : या वाऱ्यात सुसज्ज युद्धनौका किती शिडे उभारू शकेल? सर्वांत वरची, बारावी श्रेणी म्हणजे ज्यापुढे कोणतेही शीड टिकणार नाही असा वारा. वाऱ्याचे हे मोजमाप जहाजाच्या कुवतीवर बेतलेले होते.

६/
कोकणच्या दर्यावर्दींना हे सांगावे लागले नसते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो; हा मतलई वारा. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. शिडाच्या होड्या पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. दोन्ही वारे उपयोगी होते, पण आपापल्या वेळी. उलट क्रमाने वापरू पाहणाऱ्याची गत माल्चेसिनेला अडकलेल्या कवीसारखी व्हायची.

७/
साधन आणि पाणी यांचा मेळ म्हणजे काय, हे १६७९मध्ये खांदेरीला दिसले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या बेटावर तटबंदी सुरू झाली आणि मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून कोंडी केली. इंग्रजांची मोठी जहाजे तोफांनी बलवान होती, पण ती वाऱ्यावर अवलंबून होती. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या लहान होड्या रात्री किनाऱ्यावरून रसद घेऊन निघत आणि वेढ्यातून निसटून बेट गाठत. ते पाणी त्या होड्यांच्या कुवतीला साजेसे होते.

८/
आता विंडसर्फिंगचे साधन पाहू. एक बोर्ड, त्यावर कोणत्याही दिशेला कलणाऱ्या सांध्यावर बसवलेली डोलकाठी, शीड आणि ते हाताने धरण्यासाठी आडवा दांडा. सुकाणू नाही. शीड पुढे झुकवले की बोर्डाचे नाक वाऱ्यापासून दूर वळते आणि मागे झुकवले की वाऱ्याकडे वळते. डोलकाठीला आधार देणारे दोर इथे नाहीत. ते काम माणसाच्या हातांना आणि पाठीला करावे लागते.

९/
म्हणून वाऱ्याचे एक गणित या खेळात फार निष्ठुर ठरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ८ नॉटच्या वाऱ्यात सहज धरलेले शीड १६ नॉटला हातातून हिसकावले जाते. मोठ्या नौकेत हा जोर दोर आणि लाकूड सोसतात. इथे तो थेट देहावर येतो. त्यामुळे जागा निवडताना माणसाची कुवत हा प्रश्न वाऱ्याच्या आणि पाण्याच्या प्रश्नाइतकाच मोलाचा ठरतो.

१०/
या खेळाचा जन्म शांत पाण्यावर झाला, हा योगायोग नव्हे. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील न्यूमन डार्बी याने १९६४मध्ये शिडाचा बोर्ड बनवला. पत्नी नेओमी हिची त्याला साथ होती. शीड पतंगाच्या आकाराचे होते आणि चालवणारा त्याला पाठ टेकून उभा राही. ऑगस्ट १९६५च्या ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात त्याने तो बनवण्याची कृती छापली. नद्या आणि तळ्यांच्या पाण्यावर ही रचना चालून जाई. खवळलेल्या समुद्रावर पाठीशी शीड घेऊन उभे राहणे मात्र अवघड होते.

११/
त्याआधी, १९५८मध्ये, इंग्लंडच्या हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स या १२ वर्षांच्या मुलाने फळीला शीड जोडून उन्हाळ्यात खाडीत खेळ मांडला होता. पुढे १९८०च्या दशकात विंडसर्फिंगच्या पेटंटचा वाद ब्रिटनच्या अपील न्यायालयात गेला. तिथे या मुलाची फळी आणि डार्बीचा लेख, दोन्ही पुरावे म्हणून पुढे आले आणि ब्रिटनपुरते ते पेटंट रद्द झाले. शाळकरी मुलाने आडोशाच्या पाण्यावर केलेल्या प्रयोगाने मोठ्या उद्योगाचा दावा मोडून काढला.

१२/
ते पेटंट कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांचे होते. ड्रेक हा एक्स-१५ या अतिवेगवान विमानाच्या प्रकल्पावर काम केलेला अभियंता, तर श्वाइट्झर लाटांवरच्या सर्फिंगचा शौकीन. मे १९६७मध्ये ड्रेकने आपला पहिला नमुना पाण्यात उतरवला. त्यासाठी खुल्या पॅसिफिक महासागराऐवजी त्याने मरीना डेल रे या बंदराच्या आतले संथ पाणी निवडले. मार्च १९६८मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि जानेवारी १९७०मध्ये ते मंजूर झाले.

१३/
त्यांचा बोर्ड १२ फूट लांब आणि सुमारे २७ किलो वजनाचा होता. त्यावर स्थिर उभे राहता येई आणि पडलेले शीड दोरीने ओढून उभे करता येई. १९७०च्या दशकात हा खेळ युरोपात विलक्षण वेगाने पसरला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही तो आपला वाटला, कारण हा बोर्ड तळ्यासाठी उत्तम होता. मंद वारा, सपाट पाणी आणि चारही बाजूंनी किनारा एवढे नवशिक्याला पुरेसे होते.

१४/
मात्र हा खेळ तळ्यावरून समुद्रावर गेला तेव्हा एक फसवे दृश्य नवशिक्यांच्या वाट्याला आले. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल, तर काठाजवळचे पाणी आरशासारखे दिसते, कारण लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेले नसते. पाहणाऱ्याला वाटते, शिकायला हीच जागा योग्य. पुढे गेल्यावर वारा आणि लाटा दोन्ही वाढतात, आणि पडलेला माणूस किनाऱ्यापासून आणखी दूर ढकलला जातो. कोळ्याला घेऊन जाणारा मतलई दुपारी त्याला परत आणणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची हमी देत असे. शीड सांभाळता न येणाऱ्याला अशी हमी नाही.

१५/
याउलट थेट किनाऱ्यावर येणारा वारा माणसाला परत आणून सोडतो, पण लाटांमधून बाहेर पडूच देत नाही. म्हणून अनुभवी लोक किनाऱ्याला समांतर, किंवा किंचित किनाऱ्याकडे झुकलेला वारा पसंत करतात. त्या वाऱ्यावर जाता येते आणि परतताही येते. दिशा तपासल्यावर मग वेग पाहायचा. ब्यूफर्टची तिसरी श्रेणी, म्हणजे ७ ते १० नॉट, नवशिक्यासाठी पुरेशी. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की चौथी सुरू झाली असे समजावे.

१६/
या खेळाचे साधन बदलले ते एका विशिष्ट जागेमुळे. हवाईच्या ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कैलुआ नावाचा उपसागर आहे. ईशान्येचे व्यापारी वारे तिथे वर्षातील बहुतेक काळ वाहतात, तर बाहेरचे प्रवाळखडक मोठ्या लाटांचा जोर मोडतात. रोज वारा, पण बेताच्या लाटा! याच किनाऱ्यावर वाढलेला रॉबी नेश १९७६मध्ये, वयाच्या १३व्या वर्षी, बहामाजमध्ये विश्वविजेता झाला.

१७/
कैलुआच्या तरुणांनी तोच तळ्यातला बोर्ड लाटांवरून उडवायला सुरुवात केली. हवेत गेलेला बोर्ड पायाखालून निसटून जाई. मग १९७७च्या सुमारास त्यांनी बोर्डावर पाय अडकवायचे पट्टे बसवले. हातांवरचा भार कमी करण्यासाठी कमरेला किंवा छातीला बांधून दांड्यात अडकवायचा हुक आला. पाठोपाठ बोर्ड आखूड होत गेले. काही इतके आखूड झाले, की उभ्या माणसाच्या वजनाने ते बुडत. वेग घेतला तरच तरंगत.

१८/
अशा बोर्डावर शीड दोरीने ओढून उभे करता येत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाने शिडात वारा भरून घ्यायचा आणि त्याच्या जोरावर स्वतःला उचलून घ्यायचे, ही नवी विद्या शिकावी लागली. वारा पडला, की असा माणूस पाण्यातच अडकतो. अर्थात, कैलुआत वारा सहसा पडत नसे म्हणून हे साधन तिथे जन्मले. तेच साधन युरोपातल्या मंद वाऱ्याच्या तळ्यावर निरुपयोगी ठरले असते.

१९/
यानंतर लाटेचा प्रश्न पुढे आला. लाटा दोन प्रकारच्या. एक, समोरच्या वाऱ्याने जागेवरच उठवलेली. ती आखूड, खडबडीत आणि वाऱ्याबरोबर शमणारी. दुसरी, हजारो किलोमीटर दूरच्या वादळाने जन्माला घातलेली. तिला स्वेल म्हणतात. दोन शिखरांमध्ये तिचे अंतर मोठे असते, खोल समुद्रात ती डोळ्यांना जाणवतही नाही आणि उथळ खडकाशी येताच भिंतीसारखी उभी राहते. वाऱ्याचा अंदाज पाहून समुद्र शांत असेल असे गृहीत धरणाऱ्याला ही दुसरी लाट गाठते.

२०/
हवाईच्याच माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील होओकिपा हे या लाटेचे माहेरघर. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांचे स्वेल तिथे येऊन आदळते. समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास व्यापारी वारा उजवीकडून, किनाऱ्याला जवळजवळ समांतर येतो. तज्ज्ञाला याहून सुंदर जुळणी शोधून सापडणार नाही. पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला लाव्हाचे काळे खडक आहेत. शीड तुटले किंवा हातून सुटले, तर लाट आणि वारा दोघेही माणसाला तिकडेच नेतात. हवाईयन भाषेत ‘होओकिपा’ म्हणजे आतिथ्य!

२१/
कैलुआ आणि होओकिपा यांवरून वाहणारा वारा एकच. फरक आहे तो स्वेलचा आणि तळाचा. एका ठिकाणी मुले शिकली, दुसऱ्या ठिकाणी शिकलेल्यांची परीक्षा झाली. १९८०च्या दशकात मासिकांच्या मुखपृष्ठांवर मात्र होओकिपाची चित्रे झळकू लागली. त्यामुळे ‘उत्तम जागा’ म्हणजे उंच लाटेची जागा, असा समज रूढ होत गेला. गावच्या तळ्यावर शिकणाऱ्याला आपली जागा उगाच कमी प्रतीची वाटू लागली.

२२/
समुद्राविना लाट कशी मिळते, याचे उत्तर अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीने दिले. ही नदी कॅस्केड पर्वतरांग कापून पश्चिमेला महासागराकडे जाते. उन्हाळ्यात पूर्वेचा कोरडा प्रदेश तापतो, पश्चिमेची सागरी हवा थंड राहते आणि ही घळ नळीसारखी हवा पूर्वेकडे ओढून घेते. नदी पश्चिमेला, वारा पूर्वेला. दोघांच्या झटापटीतून उंच लाटा उठतात. शिवाय, शीड मोडलेल्याला प्रवाह हळूहळू वाऱ्याच्या वरच्या अंगाला परत आणतो. १९८०च्या दशकात फळबागा आणि लाकडाच्या धंद्यावर जगणारे हूड रिव्हर हे गाव यामुळे विंडसर्फिंगचे तीर्थ बनले.

२३/
पण हे पाणी नेहमीच असे नव्हते. मूळची कोलंबिया खळखळाट आणि धबधब्यांची नदी होती. १९३८मध्ये पूर्ण झालेल्या बॉनव्हिल धरणाने हूड रिव्हरसमोरचे पात्र फुगवून संथ केले. वरच्या अंगाला द डॅल्स धरण झाले. १० मार्च १९५७ रोजी त्याचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांतच सेलिलो धबधबा पाण्याखाली गेला. तिथे याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज, नेझ पर्स आदी मूळनिवासी समाज हजारो वर्षे सामन मासे पकडत आले होते.

२४/
आज जिथे रुंद पाण्यावर रंगीत शिडे धावतात, त्या तळाशी एका संस्कृतीचे मासेमारीचे कडे बुडालेले आहेत. त्यात शीड धरणाऱ्याचा दोष नाही. मात्र ‘निसर्गाची देणगी’ म्हणून गौरवलेली जागा अनेकदा माणसाच्या निर्णयातून घडलेली असते आणि त्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली असते. जागेची निवड करताना वारा आणि लाट यांची चौकशी होते. इतिहासाची क्वचितच होते.

२५/
काही जागा तर मुद्दाम घडवल्या गेल्या. वेगवान धावेसाठी जोरदार वारा हवा आणि पाणी सपाट हवे. पण जोरदार वारा पाणी खवळवतो. या पेचावर एक उपाय इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात सापडला. तिथे चेसिलचा गोट्यांचा लांबलचक बांध आहे. नैऋत्येचा वारा त्या बांधावरून येतो, समुद्राची लाट मात्र पलीकडेच अडते. १९७२पासून तिथे दरवर्षी शिडांच्या वेगाच्या स्पर्धा भरू लागल्या.

२६/
फ्रान्सच्या दक्षिणेला सँत-मारी-द-ला-मेर इथे माणसाने पुढचे पाऊल टाकले. मिस्त्राल या प्रचंड वाऱ्याशी योग्य कोन साधणारा अरुंद कालवा खणला गेला. १९८८मध्ये एरिक बील याने तिथे ४०.४८ नॉटचा, म्हणजे ताशी जवळपास ७५ किलोमीटरचा वेग गाठला. ४० नॉटची मर्यादा ओलांडणारे पहिले शीड मोठ्या नौकेचे नसून या बोर्डाचे होते. पुढे नामिबियाच्या लुडेरिट्झ इथेही असाच कालवा झाला आणि २०१५मध्ये अँटोइन अल्बो तिथे ५३.२७ नॉटने धावला.

२७/
विक्रमासाठी जगातील सर्वोत्तम ठरलेल्या या अरुंद कालव्यात नवशिक्याला मात्र वळायलाही जागा मिळणार नाही. एका हेतूसाठी जागा जितकी परिपूर्ण होत जाते, तितकी ती इतर हेतूंसाठी निकामी होत जाते. ‘जगातील सर्वोत्तम दहा जागा’ अशा याद्या इथेच फसतात. त्यात जागेचे नाव असते, तिथे उतरणाऱ्याचे नसते.

२८/
कुवत ही कायमची कमावलेली गोष्टही नव्हे. ती त्या दिवसाच्या समुद्रासमोर मोजावी लागते. १९८४मध्ये लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंगचा समावेश झाला. पुढचे ऑलिम्पिक १९८८मध्ये दक्षिण कोरियात. शिडांच्या स्पर्धा बुसानच्या वादळी पाण्यात. २४ सप्टेंबरला वारा ३५ नॉटपर्यंत गेला. सिंगापूरच्या दोघा खेळाडूंची नौका उलटली. ते ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेले खेळाडू होते, तरी त्या दिवशी पाणी त्यांच्यावर भारी पडले.

२९/
दुसऱ्या स्पर्धेत कॅनडाचा लॉरेन्स लेमिअ एकट्याच्या नौकेत दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याने शर्यत सोडली, नौका वळवली आणि त्या दोघांना पाण्यातून काढले. बचावनौका येईपर्यंत तो थांबला, मग शर्यत पूर्ण केली. तोवर तो २२वा झाला होता. पंचांनी त्याला त्या शर्यतीपुरता दुसरा क्रमांक बहाल केला आणि ऑलिम्पिक समितीने पिअर द कुबर्तँ पदक दिले. मदतीला दुसरे शीड जवळ असणे, हाही जागेच्या निवडीतला एक निकष आहे. एकट्याने उतरण्याची जागा आणि सोबतीने उतरण्याची जागा, या दोन वेगळ्या जागा असतात.

३०/
मोठ्या लाटेच्या पाण्यावर न वाढताही खेळाडू घडतात. ली लाय-शान ही हाँगकाँगजवळच्या चेउंग चाउ या चिमुकल्या बेटावरची मुलगी. घरच्या नातलगाच्या विंडसर्फिंग केंद्रात, लहानशा किनाऱ्यावर ती शिकली. १९९६मध्ये तिने हाँगकाँगला ऑलिम्पिकमधील पहिले पदक मिळवून दिले आणि तेही सुवर्णपदक. भारताच्या इबाद अलीचा सराव भोपाळच्या बड्या तलावावर झाला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. हांगझोउच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, सप्टेंबर २०२३मध्ये, त्याने कांस्यपदक जिंकले.

३१/
महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्याला हे तिन्ही प्रश्न लावून पाहता येतात. फेब्रुवारी ते मे दुपारचा वायव्येकडचा खारा वारा बहुधा नेमाने येतो, आणि खाडीच्या मुखाआड पाणी मवाळ असते. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आणि दूरवरचे स्वेल थेट किनाऱ्यावर कोसळतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून नौका पुन्हा पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची रीत या अनुभवातूनच आली. आता कायद्यानेही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. न उतरण्याचा दिवस ओळखणे हेही दर्यावर्दीपण आहे.

३२/
माल्चेसिनेच्या त्या प्रसंगाचा शेवटही असाच आहे. संशय फिटल्यावर गटे वाऱ्याशी भांडायला गेला नाही. तो थांबला. मध्यरात्रीच्या सुमारास वारा अनुकूल झाला, तेव्हा त्याची होडी निघाली आणि सकाळी दक्षिणेला बार्दोलिनोला लागली. नावाडी तेच होते, होडीही तीच होती. अडवणारा ओरा दुपारी पुन्हा उठायचाच होता. फक्त त्या वेळी त्यांची होडी काठाला लागलेली होती.